करवीर नगरीचें जुनें गांवठाण : मातीखालचें व मातीवरचें

कोल्हापुरास कोणी पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास प्रथम अंबाबाईचें देऊळ दाखवितों व सायंकाळीं रंकाळ्यावर नेतों. दोन्ही स्थळें पाहण्याजोगीं आहेत, यांत संशय नाहीं. परंतु या दोहोंच्या मध्यें व सभोंवार जें जुनें गांवठाण पसरलें आहे, तें स्वतःच एक मोठें ऐतिहासिक साधन आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. इतिहासाचे पुरावे केवळ दप्तरांतच असतात असें नाहीं; गल्ल्यांच्या वळणांत, पेठांच्या नांवांत, पायऱ्यांच्या दगडांत आणि घरांच्या पायासाठीं खणलेल्या खड्ड्यांतहि ते असतात. दप्तरांतील कागद आज वाचला तर उद्यां पुन्हां वाचतां येतो. पायाचा खड्डा मात्र एकदांच वाचावयास मिळतो. या जुन्या गांवठाणाची जडणघडण कशी झाली, त्याचीं साधनें कोणतीं व तीं कोठें पाहावीं, हें या लेखांत शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगण्याचा आमचा विचार आहे. लेखाच्या शेवटीं आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाची कबुली दिली आहे. तीही वाचकांनीं वाचावी.

(१) नांवाचा विचार

माहात्म्यकारांनीं या नगरास करवीर म्हटलें आहे. व्यवहारांत कोल्हापूर हें नांव चालतें. कोल्हासुर नांवाचा दैत्य देवीनें मारिला व मरतेसमयीं त्यानें मागितलेल्या वरानुसार नगरास त्याचें नांव मिळालें, अशी करवीरमाहात्म्यांतील कथा आहे. अशा कथा भक्तीस पोषक असतात. पण व्युत्पत्ति म्हणून त्यांवर भार टाकतां येत नाहीं. बहुधा आधीं नांव असतें व मागून त्याची कथा होते. शिलालेखांतून कोल्लापुर हें रूप आढळतें, आणि शिलाहारांच्या काळांतील जैन लेखांत क्षुल्लकपुर असेंहि रूप येतें. क्षुल्लक याचा संस्कृतांतील अर्थ लहान, आणि जैन संप्रदायांत ती साधकाची एक पायरी आहे. तेव्हां हें रूप म्हणजे ऐकूं आलेल्या देशी नांवास विद्वानांनीं चढविलेला संस्कृत पोशाख होय, हें उघड दिसतें. कानडींत कोळ म्हणजे तळें. या प्रदेशावर कानडीचा संस्कार किती खोल आहे हें शिलाहारांच्या लेखांवरून कळतें. ही व्युत्पत्ति निर्णायक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण पुढें जो तळ्यांचा विषय येणार आहे, तो वाचतांना ती मनांत असूं द्यावी.

(२) ब्रह्मपुरीची टेकडी

शहराच्या वायव्येस, पंचगंगेच्या कांठीं, ब्रह्मपुरी नांवाचा उंचवटा आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. पुराच्या पाण्यापासून सुरक्षित, पण पाण्यास जवळ, अशी जागा वस्तीस सर्वांत सोयीची. म्हणून या गांवाचा सर्वांत जुना थर येथें सांपडावा, हें स्वाभाविकच होय.

या टेकडीकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वळलें तें इ. स. १८७७ सालीं येथें सांपडलेल्या नाण्यांमुळें. त्या नाण्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माठरीपुत्र सिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर अशीं नांवें आहेत. येथें दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, नांवाचा पूर्वार्ध मातेच्या गोत्रावरून आलेला असून तो शुद्ध आर्य वळणाचा आहे, तर उत्तरार्ध उघड उघड देशी आहे. राजकुळांत दोन भाषा कशा एकत्र नांदत होत्या, याचें याहून लहान व याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. दुसरी गोष्ट अशी कीं, कांहीं नाण्यांवर जुना छाप पुरता न पुसतां त्यावरच नवा छाप मारिलेला आहे. ज्याचा छाप खालीं तो राजा आधींचा व ज्याचा वर तो मागूनचा, एवढा साधा तर्क लढवून अभ्यासकांनीं वासिष्ठीपुत्र, माठरीपुत्र, गौतमीपुत्र असा या तिघांचा अनुक्रम लावला. एकहि ग्रंथ किंवा बखर हातीं नसतांना केवळ दोन छापांच्या वरखालीपणावरून राजांची परंपरा ठरते. आम्ही शाळेंत मुलांस इतिहास शिकवीत असतांना हें उदाहरण नेहमीं देत असूं. कारण पुरावा म्हणजे काय, हें त्यावरून लवकर उमगतें.

पुढें इ. स. १९४४ ते १९४६ या काळांत टेकडीवर उत्खनन झालें. प्रारंभीं राजाराम कॉलेजांतील प्रा. कुंदनगार यांनीं व नंतर, १९४५-४६ सालीं, डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तें काम केलें. त्याचा वृत्तांत १९५२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळच्या विटांच्या घरांचे अवशेष, भांडीं, नाणीं व मणी तर मिळालेच. पण सर्वांत आश्चर्यकारक म्हणजे कांस्याच्या वस्तूंचा एक संच. त्यांत समुद्रदेव पोसायडन याची वीतभराहूनहि लहान अशी मूर्ति आहे, आणि तिची घडण रोमन आहे. सह्याद्रीच्या या बाजूस, बंदरापासून घांट चढून आल्यावर, एका घरांत ग्रीकांचा समुद्रदेव ठेवलेला होता! सातवाहनकाळीं कोंकणच्या बंदरांतून पश्चिमेशीं जो व्यापार चाले, त्याची एक वाट या टेकडीपर्यंत येत होती, असें ही मूर्ति सांगते. वरच्या थरांत बहामनी काळचे अवशेष मिळाले. त्यांत रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांचे तुकडे विशेष आहेत.

या वस्तूंसाठीं १९४६ सालीं वस्तुसंग्रहालय स्थापन झालें व १९४९ सालीं तें टाऊन हॉलच्या इमारतींत आलें. टाऊन हॉल ही इमारत १८७२ ते १८७६ या वर्षांत बांधली गेली. बागेंतील थंड सावलींत बसलेली मंडळी ही इमारत रोज पाहतात. तिच्या आंत जाऊन ती वीतभर मूर्ति पाहिलेले त्यांत किती निघतील, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

(३) देऊळ, बाजार व शिलालेख

ब्रह्मपुरी हेंच एक जुनें ठिकाण, असें मात्र समजूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भरवस्तींत एका जुन्या स्तूपाचे अवशेष उघडे पडले व त्यांत स्फटिकाचा करंडक मिळाला. त्याच्या दगडी झांकणावर ब्राह्मी अक्षरांत, बम्ह याचें हें दान असून धमगुत यानें तें करविलें, अशा आशयाचा लेख आहे. ब्रह्म व धर्मगुप्त या दोन नांवांच्या कोणा सामान्य गृहस्थांची ही आठवण, इसवी सनापूर्वींची. या नगरांतील लिहून ठेवलेल्या जुन्यांत जुन्या नांवांमध्यें राजा नाहीं व सेनापति नाहीं. एक दाता आहे व एक काम करवून घेणारा आहे.

अंबाबाईच्या क्षेत्राची कीर्ति राष्ट्रकूटांच्या काळींहि असावी. शके ७९३ च्या संजान ताम्रपटांत, लोकांवरील संकट टळावें म्हणून अमोघवर्षानें आपलें बोट महालक्ष्मीस अर्पण केलें असें वर्णन आहे, व ती महालक्ष्मी म्हणजे कोल्हापूरचीच असें पुष्कळ विद्वान मानतात. शिलाहारांच्या अमदानींत हें नगर भरभराटीस आलें. गंडरादित्याच्या काळचा शके १०५८ चा लेख या दृष्टीनें फार मोलाचा आहे. कवडेगोळ्ळ नांवाच्या बाजारांत निंबदेव सामंतानें पार्श्वनाथाचें देऊळ बांधलें आणि निरनिराळ्या गांवच्या व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर ठराविक देणें त्या देवळास लावून दिलें, ही हकीकत त्यांत आहे. म्हणजे आज ज्यास आपण बाजारपेठ म्हणतों, तिचा हिशेब नऊशें वर्षांपूर्वींचा दगडावर उपलब्ध आहे. इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणानें भोज शिलाहाराचा पराभव केला व नगर यादवांकडे गेलें. मध्यंतरीं देवीची मूर्ति सुरक्षिततेसाठीं हलविलेली होती. १७१५ सालीं संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत तिची पुनः स्थापना झाली.

मंदिराच्या आवारांतील मणिकर्णिका कुंड विसाव्या शतकांत बुजविलें गेलें होतें. अलीकडे, २०२०-२१ च्या सुमारास, तें पुन्हां खणून मोकळें करण्यांत आलें. बुजविलेलें कायमचें नष्ट झालेलें नसतें, तें पुन्हां उघडतां येतें, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

(४) सहा वाड्या व त्यांचीं तळीं

जुन्या माहितीप्रमाणें हें नगर एकदम वसलें नाहीं. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा व रावणेश्वर अशा सहा वस्त्या निरनिराळ्या होत्या. त्या वाढत वाढत एकमेकींस भिडल्या व त्यांचें एक शहर झालें. ही एक गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे आजच्या रस्त्यांचा गोंधळ उलगडूं लागतो. एका मध्यबिंदूपासून आंखलेल्या नगराचे रस्ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणें जातात. येथें तसें नाहीं. प्रत्येक वस्तीच्या पायवाटा आपापल्या देवळाकडे व आपापल्या तळ्याकडे जात, आणि दोन वस्त्यांच्या वाटा मिळाल्या कीं तेथें तिवाटा होई. कोल्हापुरांत अशा ठिकाणास तिकटी म्हणतात. पापाची तिकटी सर्वांस ठाऊक आहे. चौकापेक्षां तिकटीस येथें मान अधिक, यांतच नगराच्या घडणीचें रहस्य आहे.

तळीं कोठें गेलीं, हा प्रश्न विचारणारास आम्ही पावसाळ्यांत गांवांतून चालण्याचा सल्ला देतों. कपिलतीर्थ बुजलें व तेथें भाजीची मंडई झाली. कपिलेश्वराचें देऊळ मात्र मंडईच्या गर्दींत अजून आहे. वरुणतीर्थ बुजलें व त्याचें गांधी मैदान झालें. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं क्रीडांगण झालें. पद्माळा हें नांव उरलें. माणसें विसरलीं, पण पाणी आपली जागा विसरत नाहीं. जोराचा पाऊस झाला कीं गांधी मैदान पुन्हां वरुणतीर्थ होऊं पाहतें. २०१९ व २०२१ या दोन्ही सालांच्या पुरांत राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. इतका मोठा पूर केवळ तळीं बुजविल्यानें येत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु गांवांत पडलेलें पाणी सांठविण्याच्या ज्या जागा पूर्वजांनीं ठेविल्या होत्या त्या आपण भरून काढल्या, हेंहि तितकेंच खरें. जुन्या तळ्यांचा नकाशा हा केवळ संशोधकाच्या कुतूहलाचा विषय नसून पेठेंत राहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाच्या उंबरठ्याचा विषय आहे.

(५) तट, वेशी व संस्था

अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपतींची राजधानी पन्हाळ्याहून येथें आली. शहराभोंवतीं तट व खंदक होता आणि त्यास वेशी होत्या. आज तट नाहीं, वेशी नाहींत. पण गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस हीं नांवें लोकांच्या तोंडीं आहेत. गंगावेशींत दुधाच्या कट्ट्यावर जो मनुष्य समोर काढलेलें धारोष्ण दूध पितो, तो वेशीच्या दारांत उभा आहे हें त्यास ठाऊक नसतें. बिंदु चौकांत तटाचा बुरूज अजून उभा आहे. तटाची जाडी किती होती हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तेथें जावें. १८५७ सालच्या ३१ जुलैस येथील पलटणींत उठाव झाला व त्याच सालच्या डिसेंबरांत शहराच्या वेशी बंद करून लोकांनीं पुन्हां प्रतिकार केला. तो मोडून काढण्यांत आला व छत्रपतींचे बंधु चिमासाहेब यांस कराचीस पाठविण्यांत आलें. वेस ही केवळ जकातीची जागा नसून वेळ आल्यास प्रतिकाराचीहि जागा असते, हें त्या डिसेंबरांत दिसलें.

जुना राजवाडा व त्याचा नगारखाना हें तटाआंतील गांवाचें हृदय. नगारखाना बुवासाहेब महाराजांच्या कारकीर्दींत उभा राहिला. याच परिसरांत राजसत्तेच्या जोडीनें विद्येच्या संस्था वाढल्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालीं स्थापन झालें, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याहि सात वर्षें आधीं. नगरपालिका १८५४ सालची. राजाराम कॉलेज १८८० सालीं सुरू झालें. पुढें राजर्षि शाहू महाराजांच्या काळांत, १९०१ पासून, निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघालीं. १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीचें मैदान व १९१५ सालीं त्याच्या लगत नाट्यगृह झालें. हें नाट्यगृह, ज्यास पुढें केशवराव भोसले यांचें नांव मिळालें, ८ ऑगस्ट २०२४ रोजीं आगींत सांपडलें. त्या रात्रीं रस्त्यांत उभे राहून रडणारीं माणसें आम्हीं पाहिलीं. इमारत म्हणजे दगड, लांकूड व पत्रा एवढेंच नसतें, हें सांगण्यास त्यानंतर व्याख्यानाची गरज उरली नाहीं.

(६) सूर्यकिरणांची वाट

रस्ता कसा असावा हें एका देवळानें कसें ठरविलें आहे, याचें उदाहरण देऊन हा भाग संपवितों. देवीचें मुख पश्चिमेकडे आहे. नोव्हेंबरांत ९, १० व ११ या तारखांस, तसेंच ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशीं, मावळतीचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यांत जातात. पहिल्या दिवशीं चरणांवर, दुसऱ्या दिवशीं वक्षावर व तिसऱ्या दिवशीं मुखावर पडतात. यासच किरणोत्सव म्हणतात. या तारखा कशा आल्या, हें सहज समजण्याजोगें आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य अगदीं दक्षिणेस जातो. १० नोव्हेंबर हा त्याच्या आधीं ४१ दिवस व १ फेब्रुवारी हा त्याच्या नंतर ४२ दिवस येतो. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जातांना व तिकडून परततांना क्षितिजावर एकाच ठिकाणीं मावळतो, तेव्हां हे किरण आंत येतात. बांधणाऱ्यांनीं देवळाचा रोख व मावळतीची जागा यांचा मेळ घातला होता, हें यावरून स्पष्ट होतें.

परंतु किरण आंत यावयाचे तर महाद्वारापासून रंकाळ्याच्या दिशेस जी मोकळी पट्टी आहे, ती मोकळी राहिली पाहिजे. त्या वाटेंत एखादा मजला चढला, पाण्याची टांकी बसली, कीं किरण चरणांपर्यंत येऊन थांबतात. किरण अडले कीं दरवर्षीं याची चर्चा होते. ढगांचा व धुळीचा दोष असतोच. पण इमारतींचाहि असतो. देवळाचा एक भाग देवळाच्या बाहेर आहे, तो आकाशांत आहे, आणि त्याची राखण देवळाचे पुजारी करूं शकत नाहींत. ती महाद्वार रस्त्यावरील घरवाल्यांच्या हातीं आहे.

(७) आमचा प्रमाद व एक सूचना

आतां वर सांगितलेली कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत असतांना, उत्तरेश्वराच्या बाजूस राहणारा एक विद्यार्थी रुमालांत कांहीं बांधून घेऊन आला. त्यांत काळ्या-तांबड्या खापराचे तीन तुकडे व कांचेच्या बांगडीचा एक तुकडा होता. बांगडीच्या तुकड्यांत पिवळी व निळी रेघ होती. शेजारच्या घराचा पाया खणला जात आहे व तेथें खालीं अशीं खापरें पुष्कळ आहेत, असें तो म्हणाला. वर्षभर पुरावा म्हणजे काय हें ज्यास शिकविलें, तो विद्यार्थी पुरावा घेऊन दारांत उभा होता. त्या दिवशीं आमच्यापुढें परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. आम्हीं त्यास शाबासकी दिली व सांगितलें कीं, रविवारीं येऊं.

रविवारीं सकाळीं गेलों. खड्ड्यांत काँक्रीट ओतून झालें होतें. निघालेली माती गाड्या भरून कोठें तरी भरावास गेली होती. घरमालक सज्जन होते, त्यांनीं चहा दिला व म्हणाले, "गुरुजी, कालपरवां निरोप धाडला असता तर मी दोन दिवस काम थांबविलें असतें." त्यांच्या बोलण्यांत खोटेपणा नव्हता. दोष त्यांचा नव्हता, कंत्राटदाराचाहि नव्हता. ज्यास त्या खापराची किंमत ठाऊक होती, त्यानेंच तें रविवारपर्यंत ठेवलें. ते तीन तुकडे अजून आमच्या टेबलावर आहेत. पण कोणत्या थरांतून, किती खोलीवरून, कशाच्या शेजारीं ते निघाले, हें न कळल्यामुळें तीं आतां केवळ खापरें आहेत. तीं साधनें राहिलीं नाहींत.

यावरून आमची सूचना अशी. जुन्या वाड्यांच्या जागीं आतां उंच इमारती होत आहेत व त्यांचे पाये पूर्वींच्या घरांपेक्षां पुष्कळ खोल जातात. जेथें पूर्वीं कुदळ पोंचत नव्हती तेथें आतां यंत्र पोंचतें. बांधकाम थांबवा, असें आम्ही म्हणत नाहीं. लोकांस राहावयास घरें पाहिजेत. आमचें मागणें फार लहान आहे. प्रत्येक पेठेंत एक दोन तरुणांनीं एक वही ठेवावी. पाया खणला जात असेल तेथें मालकाच्या परवानगीनें जावें, आणि जागेचा सिटी सर्व्हे नंबर, दिनांक, खोली, मातीच्या थरांचे रंग व त्यांची जाडी, आणि कोणती वस्तु कोणत्या थरांत दिसली, एवढें लिहावें. खड्ड्याच्या भिंतीजवळ मोजपट्टी उभी धरून एक छायाचित्र घ्यावें. मोठ्या जुन्या विटा, तांबडीं चकचकीत किंवा काळीं-तांबडीं खापरें, रंगीत कांचेच्या बांगड्या, कोरीव दगड, वीरगळ, जुन्या विहिरीचें किंवा तळ्याचें दगडी बांधकाम दिसल्यास तें जागचें न हलवितां प्रथम जाणत्यास कळवावें. यास अर्धा तास लागतो. अर्धा तास नसल्यामुळें आमचें काय गेलें, तें वर सांगितलेंच आहे.

या नगरानें दोन हजार वर्षांची आपली वही मातींत लिहून ठेविली आहे. तिचीं पानें रोज उलटलीं जात आहेत, पण एक पान दोनदां उलटत नाहीं. म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः जुन्या पेठांत राहणाऱ्यांस, एवढीच विनंति आहे कीं, शेजारीं कुदळ वाजली कीं रविवारची वाट पाहूं नये.